आईंचा थायरॉइड आणि आईंचे हृदय: आधी कोणते सांभाळायचे?

कोथरूडहून आपण विचारलेल्या प्रश्नाचा सारांश आधी देतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपल्या आईंचे वय ७४ आहे. गळ्यावर वीस वर्षांपासून गलगंड आहे, तो दुखत नाही म्हणून कोणी त्याकडे फारसे पाहिले नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या तीन महिन्यांत वजन ५८ वरून ५१ किलोवर आले, जिना चढताना धाप लागू लागली आणि ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचे दिसले. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता) ४५ टक्के, म्हणजे कमी आहे. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी आणि फ्री टी४ हा रक्तातला थायरॉइड हॉर्मोन ३.४, म्हणजे सर्वसाधारण कमाल मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी ठोक्यांची गती कमी करणारी मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करणारी अपिक्साबॅन सुरू केली, अँजिओग्राफी सुचवली आणि गरज पडल्यास ठोके नियमित करणारे अमिओडॅरोन देऊ असे सांगितले. एंडोक्रिनॉलॉजिस्टांनी, म्हणजे ग्रंथींच्या तज्ज्ञांनी, कार्बिमाझोल सुरू करून थायरॉइड स्कॅन आणि रेडिओआयोडिनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडिनच्या उपचाराचा, विषय काढला. नाशिकच्या भावाचे म्हणणे असे, की मूळ दुखणे थायरॉइडचे आहे, ते बरे झाले की हृदय आपोआप बरे होईल, मग रक्त पातळ करण्याची गोळी कशाला? त्यातच घरी राहणाऱ्या ७९ वर्षांच्या मावशींनाही ‘थायरॉइडची गोळी’ चालू असून त्यांनाही अलीकडे धडधडते, त्यामुळे थायरॉइडच्या गोळीनेच हृदय बिघडते की काय अशी आपल्याला शंका आहे.

मी पुण्यात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांची प्रॅक्टिस करतो आणि असा प्रश्न घेऊन येणारी कुटुंबे मला नवी नाहीत. दोन तज्ज्ञ, दोन फाइली आणि मध्ये गोंधळलेली मुले. ‘आधी थायरॉइड की आधी हृदय’ असा आपला प्रश्न आहे. परंतु दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असताना कोणती गोष्ट आज करायची, कोणती काही आठवड्यांत आणि कोणती चार महिने मुद्दाम थांबवून ठेवायची, हा खरा प्रश्न आहे. मी आईंना तपासलेले नाही. त्यांच्या मूत्रपिंडांचे काम, यकृताच्या तपासण्या, पूर्वी कधी रक्तस्राव झाला आहे का, छातीत दुखते का, यांवर बरेच काही अवलंबून राहील. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते उपचारांमागचा विचार समजावा एवढ्यासाठी आहे. मात्रा आपल्या डॉक्टरांनीच ठरवायच्या आहेत.

सर्वांत आधी एक शब्दाचा घोळ सोडवू या. आपल्याकडे टीएसएच वाढला की ‘थायरॉइड वाढला’ असे म्हणतात, आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ नेमका उलटा असतो. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. ग्रंथी मंद असेल तर हुकूम मोठा होतो, ग्रंथी बेफाम असेल तर हुकूम बंद पडतो. आईंची ग्रंथी बेफाम आहे, म्हणून टीएसएच तळाला गेला आहे. ‘थायरॉइडची गोळी’ या शब्दाचेही तेच. आईंना दिलेली कार्बिमाझोल ग्रंथीचे काम रोखते, तर मावशींना दिलेली थायरॉक्सिन म्हणजे बाहेरून दिलेला थायरॉइडचा हॉर्मोनच आहे. नाव एक, काम परस्परविरुद्ध.

आता हृदयाकडे येतो. थायरॉइड हॉर्मोन हृदयाच्या स्नायूपेशींत थेट शिरून काम करतो. ठोक्यांची गती वाढते, प्रत्येक आकुंचन जोरकस होते, हातापायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात, त्यामुळे शरीरातील रक्ताचे आकारमानही वाढते. परिणामी हृदयाला दर मिनिटाला नेहमीच्या दीडपट, दुप्पट, काही रुग्णांत त्याहूनही जास्त रक्त ढकलावे लागते. पंचविशीतली मुलगी हा भार महिनोन्‌महिने सोसते आणि धडधड व हाताची थरथर एवढीच तक्रार घेऊन येते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी रक्तदाबाने आधीच ताठरलेल्या हृदयाला तो पेलत नाही. वरचा कप्पा फडफडू लागतो, खालचा कप्पा विश्रांतीशिवाय धावत राहतो आणि काही आठवड्यांत पंपिंग उतरते. आईंच्या ४५ टक्क्यांमागे हे कारण असण्याची शक्यता बरीच आहे, आणि या कारणाने उतरलेले पंपिंग ठोके व हॉर्मोन आटोक्यात आल्यावर पुष्कळदा परत येते. हृदयाच्या इतर आजारांत असा दिलासा सहसा देता येत नाही.

आपण लिहिले आहे, की आई चिडचिड करत नाहीत, हात थरथरत नाहीत, उलट गप्प बसून असतात, मग हा थायरॉइड कसा? वृद्धांत तो असाच असतो. नारायण पेठेतल्या एक आजी मला आठवतात. सून म्हणाली, ‘काही होत नाही हो त्यांना, नुसत्या बसून असतात, जेवण कमी झालंय.’ आजींनी नमस्कार करायला हात वर केले तेव्हा हातातल्या पाटल्या घसरून थेट कोपरापर्यंत गेल्या. मनगटावर नाडी मोजली तर ९२ भरली. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट मोजले तर १३०. उरलेले ठोके इतके पोकळ होते, की त्यांचे रक्त मनगटापर्यंत पोचतच नव्हते. घरच्यांनी तोवर म्हातारपण, नैराश्य आणि आमांश अशी तीन निदाने करून झाली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण आईंची नाडी मनगटी घड्याळावर पाहता असे लिहिले आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तो आकडा फसवा असू शकतो. ईसीजीवरचा किंवा स्टेथोस्कोपने पूर्ण मिनिट मोजलेला आकडा खरा धरावा.

तर आज करायच्या गोष्टी दोन: गती आवरणे आणि गुठळी टाळणे. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांनी या दोन्ही सुरू केल्या आहेत, त्यात मला काही खोट दिसत नाही. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर या आजारात विशेष उपयोगी पडतात. बसल्या जागी ठोके ९० च्या खाली यावेत असे मी साधारणपणे पाहतो. मात्र पंपिंग कमी आहे आणि पायांना सूज असेल तर मात्रा लहान ठेवून दर काही दिवसांनी वाढवावी लागते आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी लागते. दमा असल्यास हे सगळे गणित बदलते, म्हणून दम्याचा इतिहास असेल तर तो आपणहून सांगावा. हॉर्मोन जास्त असताना औषधे शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे सुरुवातीला लागलेली मात्रा चार महिन्यांनी जास्त ठरते. थायरॉइड उतरू लागल्यावर नाडी ५० वर आली आणि चक्कर येऊ लागली, तर तो नवा आजार समजून घाबरू नये. गोळी कमी करण्याची वेळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो.

रक्त पातळ करण्याच्या गोळीबाबत भावाला माझे उत्तर स्पष्ट आहे: ती बंद करायची नाही. वरचा कप्पा फडफडत असताना त्याच्या कोपऱ्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायूचा झटका येतो. आईंचे वय, रक्तदाब आणि हृदयाचा कमकुवतपणा ही तीन कारणे धोका ठरवायला पुरेशी आहेत. थायरॉइड हे ठोके बिघडण्याचे कारण असले, तरी गुठळी त्या कारणाची चौकशी करत बसत नाही. ठोके नियमित झाल्यावरही ही गोळी लगेच बंद करायची नसते. पुढे ती थांबवायची की नाही हे आईंचा एकूण धोका पाहून ठरेल, आणि या वयात ती चालू ठेवण्याकडेच कल राहतो. मात्रेविषयी एक बारकावा आहे. अपिक्साबॅनची मात्रा निम्मी करण्यासाठी वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त या तीनपैकी दोन गोष्टी लागतात. आईंना सध्या फक्त वजनाची अट लागू आहे. केवळ ‘वय झालंय, बारीक झाल्यात’ म्हणून मात्रा निम्मी केलेले कागद माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यात संरक्षणही निम्मे होते. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेणाऱ्या वाचकांनी हेही लक्षात ठेवावे, की थायरॉइड जास्त असताना वॉरफरिनचा परिणाम वाढतो आणि कार्बिमाझोल लागू पडू लागली की तो उतरतो, म्हणून त्या काळात आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ झाले ते सांगणारी) नेहमीपेक्षा लवकर लवकर करावी लागते.

आता काही आठवड्यांतल्या गोष्टी, आणि येथे क्रम महत्त्वाचा आहे. अँजिओग्राफीत वापरला जाणारा डाय आयोडिनयुक्त असतो. माणसाची रोजची आयोडिनची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे आणि त्या डायमध्ये ते ग्रॅमच्या हिशेबात असते. बहुतांश आयोडिन रेणूत बांधलेले असले, तरी मोकळा होणारा अंशही आईंच्या गलगंडासारख्या गाठींच्या थायरॉइडला पुष्कळ असतो. याचे दोन परिणाम होतात. एक तर बेफाम गाठींना जास्तीचा कच्चा माल मिळतो आणि आजार भडकू शकतो. दुसरे म्हणजे ग्रंथी आयोडिनने भरून गेल्यामुळे पुढचे एक-दोन महिने ना स्कॅन नीट येत, ना रेडिओआयोडिन लागू पडत. तेव्हा आईंच्या छातीत दुखत नसेल, ईसीजीत आणि ट्रोपोनिन या रक्ततपासणीत हार्ट अटॅकची चिन्हे नसतील, तर आधी थायरॉइड स्कॅन करून घ्यावा आणि अँजिओग्राफी थोडी मागे ठेवता येईल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना थेट विचारावे. ‘स्कॅन झाला का?’ हा प्रश्न त्यांना सुचला नसेल, तर तो त्यांच्या विषयाबाहेरचा आहे म्हणून. त्यात त्यांचा दोष नाही. याउलट छातीत दुखणे खरे असेल तर कशासाठीही थांबायचे नाही. अँजिओग्राफी आधी होईल आणि थायरॉइडचे आम्ही पाहून घेऊ.

अमिओडॅरोनचेही तसेच आहे, किंबहुना जास्तच. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडिन असते आणि हे औषध चरबीत साठत असल्याने बंद केल्यानंतरही महिनोन्‌महिने शरीरात राहते. थायरॉइड आधीच तापलेला असताना केवळ ठोके नियमित करण्यासाठी ते देणे मी टाळतो. जीवघेणी अनियमितता असेल तर ती वेगळी गोष्ट.

गलगंड वीस वर्षांचा आहे, त्यामुळे गाठीच हॉर्मोन सोडत असण्याचा माझा अंदाज आहे. स्कॅनवर काही ठिकाणी गडद ठिपके दिसले तर ते पक्के होईल. ग्रेव्हज नावाच्या, प्रतिकारशक्तीच्या गडबडीने होणाऱ्या आजारात दीड वर्ष गोळ्या घेऊन काही रुग्णांचा आजार शमतो. गाठींचा आजार गोळ्यांनी दबतो, पण गोळी सोडली की परततो. म्हणून वृद्धांत, आणि हृदय गुंतलेले असताना तर नक्कीच, मी रेडिओआयोडिनकडे झुकतो. ही एक कॅप्सूल असते किंवा घोटभर औषध असते. ते प्यायचे आणि काही दिवस लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवायचे. आपल्या घरात तीन वर्षांची नात आहे, त्यामुळे तिची झोपण्याची सोय त्या दिवसांपुरती दुसरीकडे करावी लागेल; किती दिवस, ते न्यूक्लिअर मेडिसिन विभाग मात्रेनुसार सांगेल. त्याचा परिणाम दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत हळूहळू दिसतो. हृदय नाजूक असल्याने आधी काही आठवडे कार्बिमाझोलने हॉर्मोन उतरवून, ती काही दिवस थांबवून मग रेडिओआयोडिन देतात. बीटा ब्लॉकर मधल्या काळातही चालू राहतो. गलगंडाचा श्वासनलिकेवर दाब असेल, गिळताना अडत असेल किंवा एखाद्या गाठीविषयी शंका असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार आधी होईल. ‘रेडिओ’ शब्द ऐकून आपण कॅन्सरविषयी विचारले आहे. हा उपचार १९४० च्या दशकापासून दिला जातो, आणि आईंच्या वयात अनियंत्रित हॉर्मोनचा हृदयाला असलेला धोका त्या भीतीपेक्षा मला कितीतरी मोठा वाटतो.

कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी गोळी थांबवून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून घ्यावी. क्वचित, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. ‘पावसाळा आहे, घसा धरलाय’ असे म्हणून आठवडा काढू नये. तसेच सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या सध्या देऊ नयेत, त्यांनी ठोके वाढतात. मीठ बदलण्याची किंवा कोबी-फ्लॉवर सोडण्याची काही गरज नाही. पुढच्या तपासणीत टीएसएच तळालाच दिसेल. खचून जाऊ नका. पिट्यूटरी ग्रंथीला जाग यायला महिने लागतात, तोवर टी३ आणि टी४ कडे पाहायचे.

मुद्दाम थांबवून ठेवायची गोष्ट म्हणजे शॉक देऊन ठोके नियमित करणे. हॉर्मोन आटोक्यात आले की निम्म्याहून अधिक रुग्णांत ठोके आपणहून नियमित होतात, आणि ते बहुधा पहिल्या तीन-चार महिन्यांत घडते. त्याआधी शॉक दिला तर ठोके पुन्हा बिघडण्याचीच शक्यता जास्त, कारण आग तशीच असते. चार महिने थायरॉइड ताळ्यावर राहूनही ठोके अनियमित राहिले, तर मग हृदयरोगतज्ज्ञांशी तो विषय काढावा. आजार किती दिवस लपून राहिला होता आणि वरचा कप्पा किती फुगला आहे, यावर यश अवलंबून असते. इको पुन्हा करायचा तोही तेव्हाच, दर पंधरा दिवसांनी नव्हे.

राहिला मावशींचा प्रश्न, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो मला आईंच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यांचा मूळ टीएसएच ७.२ आणि टी४ सामान्य होता, तेवढ्यावर त्यांना ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन सुरू झाले आणि आता टीएसएच ०.२ आहे. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच. अशा सौम्य वाढीवर ६५ वर्षांवरील ७३७ जणांत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत थायरॉक्सिन देऊन थकवा वा इतर लक्षणांत काही फरक पडला नाही. उलट टीएसएच फार खाली ठेवण्याची किंमत असते: अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावातल्या साठीपुढील लोकांच्या १९९४ सालच्या अभ्यासात टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी असलेल्यांत दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन होण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले होते. मावशी अजून तेथे पोचलेल्या नाहीत, पण वाट तीच आहे. त्यांचाही एक ईसीजी काढून घ्यावा आणि मात्रा कमी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सात दिवसांचे असल्याने फेरतपासणी दीड-दोन महिन्यांनी करावी, आठवड्याने करून उपयोग नाही. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असतील तर त्या तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी थांबवाव्यात, कारण त्यांनी काही प्रयोगशाळांच्या यंत्रांवर टीएसएच खोटा कमी दिसतो.

याचा अर्थ वृद्धांना थायरॉक्सिन देऊच नये असा कोणी घेऊ नये. ग्रंथी खरोखर बंद पडली असेल तर नाडी मंदावते, कोलेस्टेरॉल चढते, हृदयाभोवती पाणी साचते, आणि उपचार लागतोच. फक्त तो सावकाश करायचा असतो. हे मी पुस्तकात वाचले होते, तरी प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका निवृत्त एसटी चालकांचा टीएसएच ९० पाहून मी पहिल्याच दिवशी १०० मायक्रोग्रॅम लिहून दिले होते. दहाव्या दिवशी ते पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर छाती धरून खाली बसले. मंद झालेल्या शरीराला जेमतेम पुरणारा रक्तपुरवठा, हृदय जागे होताच अपुरा पडला होता. ते वाचले, स्टेंट बसला, आणि पुढे कित्येक वर्षे माझ्याकडेच येत राहिले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, हे मला अधिक लागले. तेव्हापासून हृदयाचा आजार असलेल्या किंवा असू शकणाऱ्या वृद्धांना मी १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने सुरुवात करतो आणि दर सहा आठवड्यांनी एक पायरी चढतो. आईंच्या बाबतीत मात्र असा सावकाशपणा चालणार नाही, तेथे उशीर हाच धोका आहे.

पुढच्या भेटीला दोन्ही डॉक्टरांकडे दोन्ही फाइली न्या. रेडिओआयोडिननंतर वर्ष-दोन वर्षांत आईंची ग्रंथी मंद होऊन त्यांनाही थायरॉक्सिन लागू शकते; ते अपयश नसून बऱ्याचदा अपेक्षितच असते. तोवर मात्र घरात दोन बहिणींच्या परस्परविरुद्ध कामाच्या गोळ्या एकाच फडताळात आहेत. दोन्ही लहान, दोन्ही बहुधा बाटलीतच मिळतात आणि दोघीही त्यांना ‘थायरॉइडची गोळी’च म्हणतात. आजच एकीवर आईंचे आणि दुसरीवर मावशींचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून बाटल्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून द्या.